एमआरआयचं चुंबक: ताकद किती, आणि धोका नेमका कुठे?

तुमच्या प्रश्नाला तीन पदर आहेत. एमआरआयचं चुंबक लोखंडी सिलिंडर माणसासकट ओढून घेतं, हे खरं का? खरं असेल तर स्कॅन चालू नसताना ते बंद करून का ठेवत नाहीत? आणि एवढ्या ताकदीच्या मधोमध अर्धा तास पडून राहिलेल्या पेशंटला काहीच कसं होत नाही? या मशीनच्या शेजारी माझी वीसेक वर्षं गेली, आधी टेक्निशियन म्हणून आणि आता नव्या मुलांना सेफ्टी शिकवण्यात. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक अपघातांचं मूळ तिथे आहे.

चुंबक बंद नसतंच. रात्री नाही, सुट्टीच्या दिवशी नाही, वीज गेली तरी नाही. आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. इतक्या थंडीत त्या तारेचा विद्युतरोध शून्य होतो. मशीन बसवताना इंजिनिअर काही शे अँपिअरचा प्रवाह हळूहळू आत सोडतो आणि मग गुंडाळीची दोन टोकं आतल्या आत जोडून टाकतो. आमच्या भाषेत याला ‘रॅम्प अप’ म्हणतात. त्यानंतर बाहेरची पॉवर सप्लाय काढून घरी नेली तरी चालतं, प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. वीज लागते ती हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला, कॉम्प्युटरला आणि स्कॅनच्या वेळी कामाला येणाऱ्या बाकीच्या सामानाला. जुन्या ‘ओपन’ मशीनमध्ये ०.२-०.३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) कायमचुंबक असतात. त्यांना तर बंद करायला काही बटणच नसतं.

गोंधळ होतो तो आवाजामुळे. स्कॅन चालू असताना जो धडधडाट येतो तो चुंबकाचा नसतो. तो ग्रेडियंट कॉइलचा. मुख्य चुंबकाच्या आत बसवलेल्या या कॉइलमधला प्रवाह सेकंदात शेकडो वेळा उलटसुलट होतो, त्यामुळे त्या थरथरतात आणि आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. स्कॅन संपला की हा आवाज थांबतो आणि उरतं ते कोल्ड हेडचं, म्हणजे हेलियम थंड ठेवणाऱ्या पंपाचं, एका लयीतलं चक्-चुक्, चक्-चुक्. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, थांबलं एकदाचं मशीन. पण धडधडाट चालू असताना मुख्य चुंबक जेवढं ताकदवान होतं तेवढंच ते या शांततेतही असतं, तसूभरही कमी नाही.

आता ताकद. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ०.००००५ टेस्ला असतं. दवाखान्यातली बहुतेक मशीन १.५ किंवा ३ टेस्लाची, म्हणजे पृथ्वीच्या तीस हजार आणि साठ हजार पट. फ्रिजवर चिकटवायचं चुंबक ०.००५ ते ०.०१ टेस्लाच्या घरात येतं. ७ टेस्लाच्या मशीनला अमेरिकेत २०१७ साली रुग्णांसाठी मान्यता मिळाली, आणि फ्रान्समधल्या साक्ले इथल्या संशोधन केंद्रातल्या ११.७ टेस्लाच्या, १३२ टन वजनाच्या चुंबकाने २०२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या पहिल्या प्रतिमा दिल्या.

हे आकडे ऐकायला बरे वाटतात, पण सेफ्टीच्या दृष्टीने ते अपुरे आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की टेस्ला पाठ करा, पण भीती उताराची बाळगा. लोखंड ओढलं जाण्यासाठी क्षेत्र नुसतं मोठं असून भागत नाही, ते एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत झपाट्याने बदलावं लागतं. पेशंट ज्यात झोपतो त्या बोगद्याच्या अगदी मध्यभागी क्षेत्र पूर्ण ३ टेस्ला असलं तरी तिथे ओढ जवळपास शून्य, कारण सगळीकडे ते सारखंच. सगळ्यात जास्त ओढ असते बोगद्याच्या तोंडाशी, जिथे क्षेत्र एका मीटरमागे काही टेस्लाने चढतं.

थोडं गणित करू, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. बोगद्याच्या तोंडाशी मीटरमागे ५ टेस्लाचा चढ धरा. लोखंड तिथे चुंबकीयदृष्ट्या पूर्ण भरलेलं, म्हणजे संपृक्त झालेलं असतं, आणि अशा लोखंडावरची ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे शंभर पट येते. हे गुणोत्तर वस्तू लहान की मोठी यावर फारसं ठरत नाही, कारण वजनही लोखंडाच्या प्रमाणात वाढतं आणि ओढही. एका ग्रॅमच्या पेपरक्लिपवर शंभर ग्रॅमची ओढ, ती दोन बोटांत धरता येते. दहा किलोच्या सिलिंडरवर मात्र हाच हिशोब एक टनापर्यंत जातो. आतून पोकळ आहे, आकार वेगळा आहे असं म्हणून निम्मं करा, तरी पाचशे किलो. कुठल्या माणसाचे हात ते धरून ठेवणार? ‘घट्ट धरून नेतो’ हे वाक्य मी अनुभवी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे. किल्लीपर्यंत हा घट्टपणा चालून जातो. सिलिंडर, खुर्ची, ट्रॉली यांच्या बाबतीत त्याला काही अर्थ उरत नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे ही ओढ आधी सूचना देत नाही. जुन्या चुंबकांचं क्षेत्र खोलीबाहेर दूरवर पसरायचं. मग बाहेरच्या बाजूला उलट्या दिशेच्या गुंडाळ्या बसवून ते आवरण्यात आलं. याला ॲक्टिव्ह शील्डिंग म्हणतात. त्यामुळे शेजारच्या खोल्या वापरता येऊ लागल्या, पण पसरलेलं क्षेत्र आवळून जवळ आणलं की उतार कड्यासारखा होतो. दाराशी काही जाणवत नाही, दोन पावलं पुढे गेलं तरी नाही, आणि त्यापुढच्या पावलाला वस्तू हातातून गेलेली असते.

शिकवताना मी एक प्रयोग करतो. आत पेशंट नसताना, खोलीत मी आणि शिकणारे एवढेच असताना, एक पेपरक्लिप मजबूत दोऱ्याला बांधतो आणि दोऱ्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळतो. दाराशी क्लिप ओळंब्यासारखी सरळ लोंबते. टेबलाच्या पायथ्याशी ती किंचित तिरकी होते, इतकी किंचित की मागे उभ्या असलेल्यांना दिसतही नाही. अजून पाऊलभर पुढे गेलं की दोरा पंचेचाळीस अंशात येतो, आणि पुढच्या अर्ध्या पावलात तो जमिनीला समांतर ताणला जातो, क्लिप हवेत बोगद्याकडे तोंड करून थरथरत उभी राहते. दोरा बोटाने छेडला तर तारेसारखा वाजतो. नव्या मुलाच्या मनगटाला मी तो गुंडाळतो आणि मागे यायला सांगतो. त्या एका क्लिपने जी शिकवण होते ती माझ्या तासभराच्या बोलण्याने होत नाही.

ओढीबरोबर पीळही असतो. लांबट वस्तू आधी गर्रकन फिरून क्षेत्राच्या दिशेला आडवी लागते आणि मग सुटते. हा पीळ बोगद्याच्या मध्यभागीही पूर्ण ताकदीने असतो, जिथे ओढ शून्य झालेली असते. मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर पूर्वी बसवल्या जाणाऱ्या काही क्लिप चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या स्टीलच्या असत. अशी क्लिप आत फिरल्याने रक्तवाहिनी फाटून मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणून ‘डोक्याचं ऑपरेशन झालंय का’ हा प्रश्न आम्ही इतक्या चिकटपणे विचारतो.

उडून येणाऱ्या वस्तूंचे अपघात बघितले की त्यातलं साम्य नजरेत भरतं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचा एक मुलगा स्कॅनसाठी आत होता. त्याला ऑक्सिजनची गरज पडली, कुणीतरी साधा स्टीलचा सिलिंडर आत आणला आणि तो मुलाच्या डोक्यावर आदळला. २०१८ मध्ये मुंबईत नातेवाईक पेशंटबरोबर आलेल्या बत्तीस वर्षांच्या तरुणाचा हातातल्या ऑक्सिजन सिलिंडरसह ओढला जाऊन जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं गेलं होतं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये आईला घेऊन आलेल्या एका वकिलाच्या कमरेचं पिस्तूल खेचलं जाऊन त्यातून गोळी सुटली आणि ती त्याच्याच पोटात घुसली. तो नंतर दगावला. २०२५ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका माणसाने व्यायामासाठी गळ्यात घातलेली सुमारे नऊ किलोची साखळी तशीच ठेवून आत पाऊल टाकलं. स्कॅन आटोपला होता, बायकोला टेबलावरून उठवायला तो गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

यातल्या एकाही प्रसंगात वस्तू पेशंटने स्वतः अंगावर आणली नव्हती. पेशंटचे कपडे बदललेले असतात, फॉर्म भरलेला असतो, त्याला तीन तीनदा विचारलेलं असतं. वस्तू येते मदतीला धावलेल्या माणसाबरोबर, आणि तीही बहुधा स्कॅनच्या आधी किंवा नंतर, म्हणजे मशीन ‘शांत’ असताना. म्हणून नातेवाइकांनो, टेक्निशियनने तुम्हाला दारात अडवलं तर रागावू नका. आणि टेक्निशियन मित्रांनो, पेशंट आत अत्यवस्थ झाला तर डॉक्टरांची फौज आत बोलावू नका, पेशंटला बाहेर काढा. छाती दाबायला सुरुवात करा, टेबल बाहेर ओढा, खोलीबाहेर न्या, आणि मागे दार लावून घ्या. धावपळीत कुणाच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे आणि कुणाच्या खिशात कात्री, हे कोण बघणार?

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती पहिल्या वर्षातली नाही, सहाव्या वर्षातली आहे. रात्रीची पाळी होती, शेवटचा पेशंट गेला होता आणि पेशंटच्या अंगावर ठेवायच्या कॉइल जागेवर ठेवायला मी आत गेलो. शर्टाच्या खिशात नेलकटर होतं आणि त्याचा मला पार विसर पडला होता. वाकलो तशी खिशाला लहान पोराने धरून ओढावी तशी ओढ बसली, आणि काय होतंय हे कळायच्या आत बोगद्याच्या आतल्या भिंतीवर ‘टण्ण’ झालं. प्लॅस्टिकच्या कव्हरला बोटाच्या पेराएवढा टवका गेला. नेलकटर सरळ ओढून निघेना, भिंतीलगत सरकवत सरकवत कमी ओढीच्या बाजूला आणून काढावं लागलं. टेबलावर कुणी असतं तर ते त्याच्या तोंडाच्या वाटेने गेलं असतं. नवखा माणूस घाबरून चारदा खिसे चाचपतो. मी मात्र सरावलेला होतो आणि खिसे चाचपायचं सोडून दिलं होतं.

आता अडकलेल्या मोठ्या वस्तूचं काय करायचं? तिच्यात कुणी माणूस सापडलेला नसेल तर काहीच करायचं नाही. दार लावायचं, पाटी लावायची, कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायचं. तो प्रवाह हळूहळू बाहेर काढतो आणि क्षेत्र उतरल्यावर वस्तू आपोआप सुटते. चार जणांनी दोर बांधून खुर्ची ओढायची, मध्येच एकाचा हात सुटायचा आणि खुर्ची उलट्या वेगाने परत आदळायची, असले पराक्रम करू नयेत.

माणूस चिरडला जात असेल तर मात्र क्वेंच. क्वेंच म्हणजे चुंबकाचा ताबडतोब बळी देणं. बटण दाबलं की गुंडाळीचा थोडा भाग मुद्दाम तापवला जातो, तिथे विद्युतरोध परत येतो, त्याने आणखी उष्णता होते, आणि काही मेगाज्यूल साठलेली ऊर्जा हेलियमला उकळवत बाहेर पडते. साडेतीन मेगाज्यूल म्हणजे एक टनाची गाडी ताशी ३०० किलोमीटरने पळत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते तेवढी. क्षेत्र कोसळायला काही सेकंदांपासून मिनिट-दीड मिनिट लागतं, क्षणात काही होत नाही. एक गोष्ट इथे डोक्यात पक्की बसवा: खोलीच्या भिंतीवर सहसा दोन बटणं असतात. एक वीज तोडणारं आणि एक चुंबक उतरवणारं. आग किंवा शॉकच्या प्रसंगात पहिलं उपयोगी, पण त्याने चुंबकाला काडीचाही फरक पडत नाही. जीव जात असताना घाईत चुकीचं बटण दाबून ‘बंद केलं, आता जा आत’ म्हणणं म्हणजे दुसरा बळी देणं. नव्या ठिकाणी कामाला लागलात तर पहिल्या दिवशी ही दोन बटणं बघून या, आणि क्वेंचचं बटण खरंच जोडलेलं आहे का हे इंजिनिअरला विचारा. २०१४ मध्ये नवी मुंबईत दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीनमध्ये सुमारे चार तास अडकून राहिले होते.

क्वेंचचा स्वतःचा धोकाही कमी नाही. द्रव हेलियमचं एक लिटर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत साधारण साडेसातशे लिटर वायू होतं. पारंपरिक मशीनमध्ये हेलियम दीड हजार लिटरच्या आसपास असतं, म्हणजे वायू झाला अकरा लाख लिटर, अकराशे घनमीटरच्या वर. स्कॅनची खोली शंभर घनमीटर धरली तर दहा-अकरा खोल्या भरतील एवढा. हा वायू जाड पाइपने थेट इमारतीबाहेर जायला हवा. पाइप गंजला, पक्ष्यांनी घरटं केलं, पाणी शिरून गोठलं, तर तो खोलीत येतो. हेलियम हलका, म्हणून छताशी पांढरं धुकं जमतं आणि वरून खाली उतरतं. ऑक्सिजन कमी होतो, पण जीव घुसमटल्यासारखं वाटत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव शरीराला साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो इथे बाहेर पडतच असतो. माणूस तक्रार न करता बेशुद्ध होतो. त्यात दार आतल्या बाजूला उघडणारं असेल तर वाढलेल्या दाबामुळे ते उघडतच नाही. म्हणून आता दारं बाहेर उघडणारी किंवा सरकती करतात, किंवा दाब मोकळा करायची खिडकी ठेवतात, आणि खोलीत ऑक्सिजन मोजणारा अलार्म लावतात. काही नव्या मशीनमध्ये हेलियम अवघं सात-आठ लिटर आणि कायमचं बंदिस्त असतं, त्यांना हा पाइप लागत नाही. ओढ मात्र त्यांचीही तेवढीच.

हेलियमचा एक गमतीदार किस्सा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका दवाखान्यात मशीन बसवताना हेलियम गळून इमारतीत पसरला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे आयफोन एकामागून एक बंद पडले, बाकीचे फोन मात्र चालू. सगळ्यांना वाटलं चुंबकाने मारले. त्या फोनमध्ये वेळ ठेवणारा सूक्ष्म कंपनाचा भाग होता, हेलियमचे अणू त्यात शिरून कंपन बिघडवत होते. काही दिवसांनी हेलियम निघून गेल्यावर बहुतेक फोन परत सुरू झाले.

आता तिसरा पदर, माणसाला काही कसं होत नाही. शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असतं, पण ते हिमोग्लोबिनमध्ये आणि इतर प्रथिनांत सुट्या सुट्या अणूंच्या रूपात विखुरलेलं. खिळ्यातल्या लोखंडात असंख्य अणू एकमेकांशी संगनमत करून एका दिशेला तोंड करतात, रक्तात तसं होत नाही. ऑक्सिजनने भरलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच ढकललं जातं, पाण्यासारखं. या ढकलण्याच्या जोरावर १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी एक जिवंत बेडूक १६ टेस्लाच्या क्षेत्रात हवेत तरंगवला होता. बेडकाला काही झालं नाही. एमआरआयमध्ये एक्स-रेसारखं किरणोत्सर्जनही नसतं.

अगदीच काही होत नाही असंही नाही. ३ टेस्लाच्या तोंडाशी डोकं झटक्यात फिरवलं तर गरगरतं, कारण कानाच्या आतल्या द्रवात वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहांवर क्षेत्राचा दाब पडतो. ७ टेस्लाला कित्येकांना ते टेबल आत जातानाच जाणवतं, काहींना तोंडात धातूची चवही येते. हलणाऱ्या रक्तामुळे ईसीजीच्या आलेखात टी-लहर फुगलेली दिसते. नवा भूलतज्ज्ञ ती बघून दचकतो, बाहेर आल्यावर आलेख पूर्ववत. यातलं काहीही टिकत नाही.

पेशंटला खरी इजा बहुतेकदा चुंबकाने होतच नाही, ती रेडिओलहरींनी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे येणाऱ्या एमआरआयच्या तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त भाजण्याच्या असतात. १.५ टेस्लाला सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या आणि ३ टेस्लाला सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या लहरी शरीरात सोडाव्या लागतात. शरीर किती ऊर्जा शोषतं यावर मर्यादा असते, नेहमीच्या स्कॅनला किलोमागे २ वॉट. पण ही झाली सरासरी. ऊर्जा एका जागी गोळा झाली की तिथे फोड येतो. आणि गोळा व्हायला काय लागतं? एक वेटोळं. ईसीजीची वायर छातीवर गोल पडली, नाहीतर पेशंटने पोटावर हाताची बोटं एकमेकांत गुंफली, नाहीतर मांडीला मांडी टेकली. कातडीला कातडी लागली की शरीराचंच वेटोळं होतं आणि टेकलेल्या जागी चटका बसतो. म्हणून आम्ही मध्ये उशा, चादरी कोंबतो, ते लाड नसतात. औषधी पट्टीच्या मागे ॲल्युमिनियमचा पापुद्रा असू शकतो, खेळाच्या काही कपड्यांत चांदीचा धागा विणलेला असतो, तोही तापतो. कुठेही गरम लागलं की हातातला रबरी बल्ब दाबा, ‘थोडं सहन करतो’ म्हणू नका.

इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूंच्या, बाबतीत ‘टायटॅनियमचं आहे, चालतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. टायटॅनियम ओढलं जात नाही, पण तापू शकतं. इम्प्लांटवर तीनपैकी एक शिक्का असतो: सुरक्षित, सशर्त सुरक्षित, असुरक्षित. बहुतेक आधुनिक गोष्टी मधल्या खान्यात बसतात, आणि तिथे ‘सशर्त’ हा शब्दच महत्त्वाचा. पेसमेकरवर १.५ टेस्ला लिहिलं असेल तर ‘मग त्याहून कमी ताकदीचं मशीन आणखी सुरक्षित’ असं लोक म्हणतात. तसं नसतं. पेसमेकरची वायर अँटेनासारखी वागते, आणि अँटेना कुठल्या लहरीला जास्त तापेल हे तिच्या लांबीवर ठरतं. म्हणून शर्तीत लिहिलेली ताकदच पाळायची. हृदयातले स्टेंट, बदललेले गुडघे आणि खुबे यांचा सहसा प्रश्न येत नाही. कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतलं पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा (शंटचा) बाहेरून जुळवायचा व्हॉल्व्ह, मेंदूत किंवा मणक्यात बसवलेले उत्तेजक यांचं कार्ड घेऊनच या. कार्ड हरवलं असेल तर ऑपरेशनची कागदपत्रं. त्यावरचा मॉडेल नंबर लागतो, ‘डॉक्टर म्हणाले चालेल’ यावर मी स्कॅन करत नाही.

दागिन्यांचंही लोक विचारतात. शुद्ध सोनं ओढलं जात नाही, पण दागिन्याच्या आकड्यात आणि सांध्यात काय असतं हे सोनाराशिवाय कुणाला माहीत? निघत असेल ते काढाच. केसांतला आकडा, अंतर्वस्त्रातली तार, चुंबकाने चिकटणाऱ्या पापण्या, श्रवणयंत्र, सेफ्टी पिन. फोन आणि चुंबकी पट्टीचं कार्ड बाहेर ठेवा, नाहीतर पट्टी पुसली जाईल. मशीनभोवती ५ गाउसची, म्हणजे ०.५ मिलिटेस्लाची, हद्द पूर्वापार आखली जाते, पेसमेकरवाल्यांनी तपासणी झाल्याशिवाय ती ओलांडायची नाही. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ती ९ गाउस झाली, पण कित्येक ठिकाणी पाटी जुनीच आहे. लक्षात घ्या, त्या रेषेवर उभं राहून हातात पाना धरला तरी काहीच जाणवणार नाही.

राहिला आम्ही पेशंटला विचारतो तो डोळ्यांचा प्रश्न, ‘कधी वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम केलंय का?’ लोकांना तो विनोदी वाटतो. धातूचा कण वर्षानुवर्षं डोळ्यात मुका पडून राहू शकतो आणि क्षेत्रात शिरताना हलून आतला पडदा फाडू शकतो. एक निवृत्त गृहस्थ आले होते, कमरेचा स्कॅन होता. फॉर्मवर ‘नाही’. कपडे बदलताना विचारलं, ‘नाही’. टेबलावर आडवे व्हायच्या आधी दारात तिसऱ्यांदा विचारलं तर वैतागून म्हणाले, “अहो, मी बँकेत होतो, मला कशाला विचारताय?” आणि मग दोन क्षण थांबून, “लहानपणी मामाच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत बसायचो, तेव्हा एकदा डोळ्यात काहीतरी उडालं होतं. पण ते केव्हाच गेलं.” डोळ्यांचा एक्स-रे काढला. उजव्या खोबणीत जिऱ्याच्या दाण्याहून बारीक, पांढराशुभ्र ठिपका होता. एमआरआय रद्द केला, कमरेचं सीटीवर भागवलं.